साठ टक्के पाटीवर, पेल्यात किती?

दुकानाच्या पाटीवर कुठल्या लिपीने किती जागा व्यापावी, यावर बेळगावात जेवढे घसे कोरडे झाले तेवढे दुसऱ्या कशावर क्वचितच झाले असतील. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि पाटीचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये हवाच असं ठरवून टाकलं. तेव्हापासून टक्केवारीचा हिशेब इथल्या पानपट्टीवाल्यालाही पाठ आहे. पण त्याच पाटीखालून आत जाऊन कॉफी मागवली, तर पेल्यात कॉफी किती टक्के आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ, किती टक्के हे कोणी सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही. अन्नसुरक्षेचा नियम कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी मागतो. उरलेले ४९ टक्के चिकोरी असली तरी मिश्रण कायदेशीरच. पाटीवरच्या साठ टक्क्यांसाठी भांडणारे दोन्हीकडचे लोक नंतर एकाच हॉटेलात बसतात आणि ही दुसरी टक्केवारी मुकाट पिऊन उठतात.

पाटीचा वाद क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग आजच्या कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेल्यानंतर ज्या घरांत सरकारी कागद आजही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्या घरांना तो क्षुल्लक वाटणं शक्य नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाची जुनी मागणी अगदी साधी आहे: मला समजेल असं सांगा, मग काय करायचं ते माझं मी ठरवीन. ही मागणी आपण कचेरीच्या खिडकीशी ठेवून हॉटेलात शिरतो, हे मला खटकतं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. कॉफी ही ज्याची त्याची आवड, त्यात सार्वजनिक काय आहे? हे वाक्य आमच्याकडे दोन कामांना येतं. एक, वाद मिटवायला. तिथे ते सोळा आणे खरं. दुसरं, प्रश्न उडवून लावायला. तिथे ते लबाड होतं. म्हणून दोन्ही वापर वेगवेगळे करून बघितलेले बरे.

आधी वाद मिटवण्याचं बघू, कारण सीमाभागात आवडीनिवडीलाही बाजू चिकटतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत थट्टेने म्हटलं जातं, की फिल्टर कॉफी ‘त्यांची’ आणि उकळलेला चहा ‘आपला’. मुलगी फिल्टरची कॉफी प्यायला लागली की एखादी आत्या हसून म्हणते, झाली ही कन्नडिग! थट्टा म्हणून ठीक, पण वस्तुस्थिती तपासली तर त्यात काही उरत नाही. गोकाक, रायबाग, अथणीकडचा कन्नड बोलणारा शेतकरी पहाटे काय पितो? चहाच पितो, खानापूरचा मराठी शेतकरी पितो तसाच, दूध-साखर घालून रटरटून. धारवाड-हुबळीपर्यंत हेच चालतं. फिल्टर कॉफीचं माहेर जुन्या म्हैसूर संस्थानात आणि त्याच्या खाली तमिळ मुलखात. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते आणि इलाख्याची सवय चहाची. १९५६ मध्ये नकाशा जोडला गेला; चुलीवरचं आधण तसंच राहिलं. चहा-कॉफीची रेघ काढायचीच झाली तर ती मराठी आणि कन्नडच्या मधून जात नाही, कर्नाटकाच्या पोटातून जाते.

आणि चहा तरी आपला कधीपासून? १९३० आणि ४० च्या दशकांत चहाच्या प्रचारासाठी माणसं नेमून, रेल्वे स्टेशनांवर आणि गिरण्यांमध्ये पेले वाटून ही सवय लावली गेली. ज्याला आपण वाडवडिलांची आवड म्हणतो ती पणजोबांच्या पिढीवर झालेली जाहिरात आहे. कॉफीचीही तीच गत. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संताने येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे. पुढे त्यावर इंग्रजांनी मळे उभे केले आणि उडपीकडच्या हॉटेलवाल्यांनी ती कॉफी पेल्यात घालून पुण्या-मुंबईपर्यंत नेली. यातलं कुठलं टोक धरून कोणी मालकी सांगायची?

मराठी घरातल्या कॉफीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण तिची सगळ्यात जास्त टवाळी होते, आणि ती करणारे बऱ्याचदा आपलेच असतात. दुधात थोडंसं पाणी, साखर भरपूर, कॉफीची पूड, किसलेल्या जायफळाची चिमूट, जमलं तर वेलची, आणि सगळं एकत्र उकळून गाळायचं. ही कॉफी रोजची नव्हे. उपास असला, पाहुणे जरा वरचे असले, घरात कोणाला पडसं झालं, पोरगं परीक्षेला रात्री बसलं की ती होते. झोप आणणारं म्हणून ज्या जायफळाची ख्याती ते, झोप उडवणाऱ्या कॉफीत घालून परीक्षेच्या मुलाला द्यायचं, हा तर्क मला आजवर उमगलेला नाही. पण वास असा सुटतो की तर्काची आठवण राहत नाही. फिल्टरवाले म्हणतात, ही कॉफी नव्हे, हे मसाला दूध. बरं, मग खरी कॉफी कुठली? जिथे ती पिकते त्या कोडगूत आणि मलनाडात कितीतरी घरी गूळ घातलेली बिनदुधाची काळी कॉफी पितात. त्यांच्या हिशेबाने स्टीलच्या वाटी-पेल्यातली फेसाळ, दुधाळ फिल्टर कॉफीही शहरी लाडच ठरावी. खरेपणाच्या कसोटीवर एकदा चढलं की मळ्यातल्या मजुराशिवाय कोणीच पास होत नाही.

तेव्हा कोणी काय प्यावं यावर मला काही म्हणायचं नाही. जायफळ घाला, गूळ घाला, दुधावर तवंग येईल इतकी साय घाला. शरीरंही एकसारखी नसतात. कडू चव ओळखणारे जिभेवरचे संवेदक प्रत्येकात थोडे वेगळे असतात. कॅफीन मोडणारं यकृतातलं विकर कोणात चपळ तर कोणात आळशी असतं. रात्री दहाला कॉफी पिऊन साडेदहाला घोरणारा माणूस बढाई मारत नसतो आणि दुपारी चारनंतर घेतली की पहाटेपर्यंत टक्क जागी राहणारी बाईही नाटक करत नसते.

इथपर्यंत आवड. आता त्या वाक्याचा दुसरा वापर.

आवड ही निवड असेल तर निवडायला समोर काहीतरी ठेवावं लागतं. कॉफीची पूड विकणाऱ्या दुकानात ते ठेवलेलं असतं. बिया भाजून दळून देणारा दुकानदार पाव किलो घेणाऱ्यालाही विचारतो, ऐंशी-वीस देऊ की साठ-चाळीस? बंद पुडा घेतला तर त्यावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापणं सक्तीचं आहे. बारीक अक्षरात असेल, पण असतं. हाच पुडा हॉटेलच्या स्वयंपाकघरात फोडला की छापलेली माहिती कचऱ्याच्या डब्यात जाते आणि पेला निनावी होऊन टेबलावर येतो. घरी पुडा आणणाऱ्याला विचारलं जातं. बस स्टँडसमोर उभ्याने बाय-टू, म्हणजे एक पेला दोघांत वाटून, घेणाऱ्याला, ज्याची दिवसाची सगळी कॉफी बाहेरच होते, त्याला मात्र काही सांगितलं जात नाही. म्हणजे माहिती ज्याच्या घरी फिल्टर आहे त्याला मिळते.

चिकोरी म्हणजे भेसळ, असा समज असेल तर तो काढून टाकावा. ते एका रोपाचं मूळ आहे, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. ते वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यात कॅफीन अजिबात नसतं. कॉफीच्या पुडीपेक्षा तिचा जास्त भाग पाण्यात विरघळतो, म्हणून डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गळणारा कॉफीचा अर्क, दाट आणि काळंभोर उतरतं आणि दुधात पडूनही रंग टिकवून धरतं. फिल्टरमधून पाणी खाली यायला वेळ लागतो तो काही अंशी तिच्यामुळेच. युरोपात नेपोलियनच्या नाकेबंदीच्या काळात कॉफी मिळेना तेव्हा फ्रान्समध्ये ती रुळली आणि कॉफी परत मिळू लागल्यावरही गेली नाही, कारण लोकांना चव लागली होती. आपल्याकडेही तेच झालं. सुरुवात स्वस्ताईने झाली असेल, आता ती आवड आहे. मला स्वतःला सत्तर-तीसची कॉफी शंभर टक्क्यांच्या कॉफीपेक्षा बरी वाटते, विशेषतः दुधातून.

पण स्वस्ताईचा मुद्दा संपलेला नाही, उलट तो २०२५ मध्ये टोकाला आला. २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिका कॉफीचा जागतिक भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला, तेवढा तो आधी कधीच नव्हता. भारतात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी पिकते, त्यातली सत्तर टक्क्यांच्या घरातली कर्नाटकात, आणि पिकाचा मोठा भाग निर्यात होतो. म्हणजे चिक्कमगळूरची बी ब्राझीलच्या दुष्काळाच्या भावाने बेळगावात येते. अशा वेळी हॉटेलवाल्यापुढे दोनच वाटा असतात: पेल्याचा दर वाढवणं, नाहीतर पुडीतली चिकोरी वाढवणं. दर वाढला की गिऱ्हाईक कुरकुरतं; चिकोरी वाढली तर रंग आणखी गडद होतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन म्हणतं, आज मस्त स्ट्राँग झाली हो अण्णा. त्याने कॅफीन कमी प्यायलेलं असतं. स्ट्राँग म्हणून मागितलेली गोष्ट त्याला मिळालेली नसते, तिचा रंग मिळालेला असतो. यात हॉटेलवाला कायदा मोडत नाही, हेच तर माझं म्हणणं आहे.

दुधाचंही असंच. बेळगावचा कुंदा ज्या दाट म्हशीच्या दुधाने नावारूपाला आला त्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. पिशवीतल्या टोन्ड दुधात तीन. तेच डिकॉक्शन एकात हरवून जातं आणि दुसऱ्यात डोकं वर काढतं. पण दुधाबद्दल लोक निदान बोलतात, गवळ्याशी भांडतातही, त्यामुळे तो विषय मी इथेच सोडतो.

साखर मात्र सोडवत नाही. बेळगाव हा उसाचा जिल्हा. साखर कारखान्यांच्या धुराड्यांवर इथलं राजकारण चालतं, साखरेचं शिक्षण देणारी संस्थासुद्धा शहरातच आहे. इथे पाहुण्याला कमी साखरेची कॉफी देणं म्हणजे कंजूषपणा, आणि पाहुण्याने कमी साखर मागणं म्हणजे एकतर आजारीपणाची कबुली नाहीतर शहरी नखरा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीने देशात मधुमेहाचे दहा कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज दिला, आणि त्याहून जास्त माणसं उंबरठ्यावर. तरीही बऱ्याच हॉटेलांत बिनसाखरेची मागितली की उत्तर येतं, दुधातच साखर आहे की हो. मोठ्या पातेल्यात एकदाच साखर ओतली की काम सुटसुटीत होतं, हे मला कळतं. पण साखर नंतर घालता येते, आधी घातलेली काढता येत नाही. मधुमेह झालेला माणूस तिथे एकतर गपगुमान गोड पितो किंवा उठून जातो, आणि मग मित्रांत बसायलाच येईनासा होतो. कट्ट्यावरची जागा सोडावी लागणं हे काय असतं, ते पथ्यावरच्या माणसाला विचारावं.

त्याच परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत कॅफीन दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं म्हटलं आहे, आणि दीडशे मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं असंही दिलं आहे. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, लोह अंगी लागत नाही, हेही सांगितलं आहे. उत्तम सल्ला. पण पेल्यात जवळजवळ निम्मी चिकोरी असेल तर कॅफीनचा हिशेब करणार कसा? गर्भारपणात डॉक्टरने कॉफी कमी करायला सांगितलेल्या बाईला एक्कावन्न-एकोणपन्नासचा पेला कदाचित चालूनही जाईल आणि नव्वद-दहाचा महागात पडेल. तिला दोन्ही पेले सारखेच दिसतात. खरं तर एक्कावन्न-एकोणपन्नासचाच जास्त कडक दिसतो.

मग कायदा काय करतो? पदार्थांच्या यादीसमोर कॅलरी लिहिण्याचा नियम २०२२ पासून लागू झाला, पण तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना. खडे बाजारातलं नाहीतर टिळकवाडीतलं एकच गल्ला असलेलं हॉटेल त्यात येत नाही. ते यावं, असाही माझा हट्ट नाही. सीमाभागात तपासायला येणाऱ्या माणसांची वानवा कधीच नव्हती, आणि नवा नियम म्हणजे नवी तपासणी आणि नवा हात ओला करणं, हे इथल्या व्यावसायिकाला सांगायला नको. म्हणून कॅलरी-बिलरी राहू द्या. मला एक ओळ हवी आहे. इडली-वड्याच्या दरांचा जो फळा गल्ल्यामागे लटकतो, त्यावर कॉफीसमोर दोन आकडे लिहा: सत्तर-तीस, साठ-चाळीस, जे असेल ते. आकडे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, ते पुड्यावर छापलेलेच आहेत, तिथून फळ्यावर उतरवायचे. साखर पेल्याबरोबर वेगळी द्या, किंवा निदान एक भांडं बिनसाखरेच्या दुधाचं ठेवा. आणि ही ओळ मराठी-कन्नड दोन्हींत लिहा. खाण्यापिण्याच्या माहितीवर कुठल्या भाषेचा किती टक्के हक्क, असा वाद कोणी उकरून काढलाच तर मी त्या हॉटेलात बसून तो आनंदाने ऐकेन. निदान वादाचं कारण तरी पोटात जाणारं असेल.

नव्या कॅफेंचा दाखला यात दिला जातो. गेल्या काही वर्षांत कॉलेजांच्या आसपास अशी दुकानं निघाली, जिथे मळ्याचं नाव, त्याची उंची, बी किती भाजली हे सगळं कार्डावर लिहिलेलं असतं. माहितीच्या बाबतीत ते माझ्या म्हणण्याच्या कितीतरी पुढे आहेत, हे मान्य करायला हवं. पण तिथे साखर मागितली की मागणाऱ्याकडे जे बघितलं जातं ते बघणं उडपी हॉटेलात कधी वाट्याला येत नाही, आणि एका पेल्याच्या पैशात खाली रस्त्यावर चौघांचं होतं. माहिती ही महागड्या कॉफीबरोबर मिळणारी भेटवस्तू झाली तर बाय-टूवाल्याने काय करायचं? तो चार घोट घेतो, तेही अर्धे दुसऱ्याला देऊन. त्या घोटांत काय आहे हे कळण्याचा त्याचा हक्क, कार्ड वाचत तासभर बसणाऱ्यापेक्षा कमी नाही.

हॉटेलवाल्यांचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. फळ्यावर एक्कावन्न-एकोणपन्नास लिहिलं की गिऱ्हाईक म्हणणार, अर्धी भेसळ पाजतोस होय रे! शेजारचा लिहिणार नाही आणि गर्दी तिकडे जाणार. या भीतीत तथ्य आहे. चिकोरीची बदनामी इतकी झाली आहे की खरं सांगणाराच आधी बुडेल असं वाटतं. म्हणून हे एकट्या-दुकट्याने नाही, एका गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे. आपल्याकडे हॉटेलमालक दर वाढवताना एकत्र बसतातच, तेव्हाच हाही विषय घ्यावा. गिऱ्हाइकालाही कमी लेखू नये. पानात सुपारी कच्ची की भाजकी, तंबाखू कुठली, चुना किती हे निपाणीपासून खानापूरपर्यंतचा माणूस दिवसातून चारदा सांगतो आणि सांगितल्याबरहुकूम झालं नाही तर पान परत करतो. तो दोन आकडे वाचून गांगरून जाईल असं मानायचं काही कारण नाही. एक्कावन्न-एकोणपन्नास वाचूनही निम्मे लोक नेहमीचीच मागतील, कारण त्यांना तीच आवडते. उरलेल्यांतले काही ऐंशी-वीसची मागतील आणि तिचे चार रुपये जास्त देतील. साध्या चहाशेजारी स्पेशल चहाचा वेगळा दर लावायला आपल्या हॉटेलवाल्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.